डेबियनचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उबुंटू किंवा रास्पबेरी पाय वापरता वापरता बऱ्याच जणांची गाठ डेबियनशी पडते आणि मग प्रश्न यायला लागतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी नवख्यांचे, मग वादाचे. इन्स्टॉल कसं करायचं हा विषय या पानावर नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवतो: डेबियनच्या इतिहासात कोडपेक्षा भांडणं, नियम आणि मतदानं जास्त आहेत. माझ्या मते खरी गंमतही तिथेच आहे, त्यामुळे तिथे उत्तरं लांबली आहेत.

१. डेबियन म्हणजे नेमकं काय? लिनक्स आणि डेबियन एकच का?

नाही. लिनक्स हे फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला थर. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते १९९१ मध्ये जाहीर केलं. नुसत्या कर्नलवर कोणी पत्र टाइप करू शकत नाही की वेबसाइट चालवू शकत नाही. त्याला शेल, कंपायलर, एडिटर, डेस्कटॉप असं बरंच काही लागतं. हे सगळं ठिकठिकाणांहून आणायचं, एकमेकांशी जुळवायचं, तपासायचं आणि इन्स्टॉल करता येईल अशा रूपात द्यायचं. अशा तयार संचाला डिस्ट्रिब्युशन किंवा डिस्ट्रो म्हणतात. डेबियन हा असा एक डिस्ट्रो. आज चालू असलेल्या डिस्ट्रोंमध्ये त्याच्याहून जुना स्लॅकवेअर, तोही जेमतेम एका महिन्याने. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत, म्हणजे 'ट्रिक्सी'त, ६९,००० हून जास्त पॅकेजेस (इन्स्टॉल करायला तयार बांधलेले प्रोग्राम) आहेत.

२. हे कोणी आणि का सुरू केलं?

इयन मर्डॉक यांनी. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या ऑनलाइन चर्चागटांवर, घोषणा केली तेव्हा ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होते, वय वीस वर्षं. त्या काळी एसएलएस नावाचा डिस्ट्रो बराच चालायचा. मर्डॉकही तोच वापरत होते आणि वैतागले होते. त्यात चुका भरपूर होत्या आणि त्या वेळेवर दुरुस्त होत नव्हत्या. आधी त्यातच सुधारणा कराव्यात असं त्यांच्या मनात होतं, पण शेवटी नव्याने मांडणी करणं सोपं वाटलं.

त्यांनी लिहिलेला 'डेबियन मॅनिफेस्टो' आजही वाचण्यासारखा आहे. मुद्दा साधा आहे: कर्नल जसं उघडपणे, अनेकांच्या हातून घडतं तसाच डिस्ट्रोही घडला पाहिजे. एकट्यादुकट्याने सगळं जमवण्याऐवजी प्रत्येक पॅकेजची जबाबदारी कोणा एकाने घ्यायची आणि सगळ्यांनी ठरलेले नियम पाळायचे. जानेवारी १९९४ मध्ये ०.९१ आवृत्ती आली तोवर काही डझन लोक कामाला लागले होते.

३. नाव कुठून आलं?

मर्डॉक यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून. पुढे दोघांचं लग्न झालं आणि काही वर्षांनी ते वेगळेही झाले. नाव तेवढं टिकलं.

४. डेबियन १.० कुठेच सापडत नाही. ती आवृत्ती गेली कुठे?

ती कधी निघालीच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये इन्फोमॅजिक या सीडी विकणाऱ्या कंपनीने अर्धवट तयार असलेली, चालू कामातली प्रत उचलली आणि 'डेबियन १.०' म्हणून सीडीवर छापली. ती नीट चालतही नव्हती. आता खरी १.० काढली तर लोकांना दोन्ही एकच वाटणार, म्हणून तो आकडाच सोडून द्यायचा असं ठरलं. जून १९९६ मध्ये थेट १.१ आली, ४७४ पॅकेजेस घेऊन. आवृत्त्यांना टोपणनावं देण्याची पद्धतही या घोटाळ्याशी जोडलेली आहे. काम चालू असताना सर्व्हरवरच्या फोल्डरला आकडा द्यायचाच नाही, नुसतं नाव द्यायचं, म्हणजे कोणी घाईने छापणार नाही.

५. बझ, वूडी, बुकवर्म… ही नावं 'टॉय स्टोरी'मधली का आहेत?

कारण मर्डॉक यांच्यानंतर १९९६ मध्ये प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आली आणि ते पिक्सारमध्ये नोकरीला होते. चित्रपट नुकताच आला होता. पहिलं नाव 'बझ', मग रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो, वूडी आणि पुढे ट्रिक्सीपर्यंत सगळी त्याच मालिकेतली पात्रं.

याला जोडूनच विचारतात की 'सिड' कधी रिलीज होणार. कधीच नाही. सिड म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा, आणि ते नाव 'अनस्टेबल' शाखेला कायमचं दिलेलं आहे. रोजची नवी पॅकेजेस आधी तिथे येतात. (शाखांबद्दल प्र. १०.)

६. इयन मर्डॉक यांचं पुढे काय झालं?

१९९६ मध्ये ते नेतृत्वातून बाजूला झाले. पुढे त्यांनी प्रोजेनी नावाची कंपनी काढली, मग सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते, शेवटी डॉकरमध्ये. २८ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचं निधन झालं. २०१७ ची ९ वी आवृत्ती, 'स्ट्रेच', त्यांना अर्पण केलेली आहे.

आवृत्ती अर्पण करण्याची प्रथा त्याच्या आधीची. २००० ची 'पोटॅटो' जोएल क्लेकर यांना अर्पण केली होती. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराने ते एकविसाव्या वर्षी गेले. बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना त्यांच्या आजाराची कल्पनाही नव्हती. प्रकल्पाच्या एका सर्व्हरलाही त्यांचं नाव होतं; तो सर्व्हर प्र. १४ मध्ये पुन्हा येतो.

७. मालक कोण? पैसा कुठे जातो?

मालक कोणी नाही. 'डेबियन' ही नोंदणीकृत कंपनी नाही की संस्थाही नाही. सुरुवातीला, नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५, मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आर्थिक आधार दिला. त्यानंतर देणग्या घेण्यासाठी, नाव आणि बोधचिन्ह सांभाळण्यासाठी कायद्याने उभी असलेली कोणीतरी संस्था हवी होती. म्हणून १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. तिजोरी तिच्याकडे, पण खर्च कशावर करायचा हे डेबियनवाले ठरवतात.

डेव्हलपरांना प्रकल्पाकडून पगार नाही. काहींना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात, बाकीचे संध्याकाळी आणि सुट्टीत करतात. (पगार द्यायचा प्रयत्न एकदा झाला होता, प्र. ११ पाहा.) २०१४ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने डेबियनच्या डेव्हलपरांना आपले गेम्स फुकट देऊ केले होते, कारण त्यांचं स्टीमओएस तेव्हा डेबियनवर उभं होतं.

८. 'सोशल कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे काय? त्याचा 'ओपन सोर्स'शी काय संबंध?

जुलै १९९७ मध्ये मंजूर झालेला हा छोटासा जाहीरनामा आहे. डेबियन कायम मुक्त राहील, जे लिहू ते समाजाला परत देऊ, अडचणी लपवणार नाही, वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांचं हित आधी पाहू, असं त्यात वचन आहे. 'मुक्त' कशाला म्हणायचं याचे निकष त्यालाच जोडलेले आहेत. बदल करायची आणि वाटायची मुभा हवी, कोणत्याही व्यक्तीला किंवा धंद्याला मज्जाव नको, वगैरे.

पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, पेरेन्स आणि एरिक रेमंड यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केली तेव्हा पेरेन्स यांनी याच निकषांमधून डेबियनचे उल्लेख काढले आणि त्याची 'ओपन सोर्स'ची व्याख्या झाली. आज मोठमोठ्या कंपन्यांचे वकील ज्या व्याख्येचा कीस काढतात, ती मुळात एका डिस्ट्रोत कोणतं पॅकेज घ्यायचं हे ठरवण्यासाठी लिहिली होती.

९. इतक्या लोकांमध्ये निर्णय होतो कसा? नेता काय करतो?

डेबियनला घटना आहे. ती मुख्यतः इयन जॅक्सन यांनी लिहिली (मर्डॉक वेगळे, हे दुसरे इयन) आणि डिसेंबर १९९८ मध्ये ती लागू झाली. दरवर्षी प्रकल्प-नेत्याची निवडणूक होते. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो आणि 'यापैकी कोणीही नाही' हा पर्यायही असतो. मोजणी कॉन्डोर्से पद्धतीने होते: प्रत्येक उमेदवाराची प्रत्येकाशी वेगळी लढत लावून पाहायची. त्यामुळे मतं फुटली म्हणून भलताच निवडून येणं जवळजवळ अशक्य होतं.

नेत्याच्या हाती फार काही नसतं. लोकांना कामं सोपवणं, पैशाला मंजुरी देणं, बाहेर बोलणं एवढंच. घटनेतच लिहिलं आहे की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. करायचं नसेल तर करू नका, फक्त ठरलेल्या निर्णयाच्या आड येऊ नका. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीला या पदाचं दुःख लगेच कळेल. २०१९ मध्ये तर अर्ज भरायची मुदत संपली तरी एकही उमेदवार उभा नव्हता, म्हणून मुदत वाढवावी लागली.

तांत्रिक वाद तांत्रिक समितीकडे जातात. त्याहून मोठं काही असेल तर सगळ्या डेव्हलपरांचं मतदान, म्हणजे 'जनरल रिझोल्यूशन'. या पानावरच्या पुढच्या अनेक उत्तरांत ते येणार आहे.

१०. स्टेबल, टेस्टिंग, अनस्टेबल यांत फरक काय? आणि स्टेबल इतकं जुनं का असतं?

पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं. काही दिवस गंभीर तक्रार आली नाही आणि ज्यांवर ते अवलंबून आहे ती पॅकेजेसही तयार असली की ते आपोआप टेस्टिंगमध्ये सरकतं. ही मधली शाखा २००० च्या अखेरीस आली. मग एका टप्प्यावर टेस्टिंग गोठवतात, नवं घेणं बंद करतात, उरलेल्या चुका काढतात आणि तेच पुढचं स्टेबल होतं. त्यानंतर त्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्याच शिरतात, आणि त्याही शक्यतो जुन्याच आवृत्तीत बसवून. म्हणून वर्षभराने पाहिलं तर आकडे जुने दिसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

पूर्वी मात्र परिस्थिती खरंच वाईट होती. वूडी जुलै २००२ मध्ये आली आणि सार्ज थेट जून २००५ मध्ये. त्या तीन वर्षांत डेबियनवर विनोदांचा पाऊस पडला. उशिराचं एक कारण नवा इन्स्टॉलर हे होतं. दुसरं कारण अस्सल डेबियनचं. २००४ मध्ये सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये 'संपादकीय दुरुस्त्या' म्हणून एक ठराव मंजूर झाला. मग लक्षात आलं की नव्या शब्दांप्रमाणे नुसते प्रोग्रामच नाहीत तर कागदपत्रं आणि फर्मवेअरही (हार्डवेअरच्या चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) मुक्त असायला हवीत, आणि सार्जमध्ये तर तसं नव्हतं. रिलीज सांभाळणाऱ्याने हात वर केले. शेवटी सार्ज निघेपर्यंत ती दुरुस्ती लांबणीवर टाकायला आणखी एक मतदान घ्यावं लागलं.

आता साधारण दोन वर्षांनी आवृत्ती येते. प्रत्येकीला तीन वर्षं नेहमीचा आधार आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे वाढीव मुदतीचा आधार), जो २०१४ पासून सुरू झाला.

११. डेव्हलपरांना पगार देऊन काम वेगाने करून घेता आलं नसतं का?

२००६ मध्ये तसा प्रयत्न झाला. 'डंक-टँक' नावाने बाहेरून पैसे जमवून रिलीजचं काम बघणाऱ्या दोघांना काही आठवडे पूर्णवेळ बसवायचं, म्हणजे 'एच' (etch) ही आवृत्ती डिसेंबरात निघेल, असा बेत होता. तेव्हाचे प्रकल्प-नेते अँथनी टाउन्स स्वतः त्यात होते. त्यावरून रण माजलं. दोघांना पैसे आणि बाकीच्यांनी फुकट राबायचं हे काहींना पटलं नाही. काहींनी निषेध म्हणून आपलं काम मुद्दाम सावकाश केलं. नेत्याला पदावरून काढायचा ठरावही आला, तो फेटाळला गेला. 'एच' निघाली एप्रिल २००७ मध्ये. एलटीएसचं काम आज अनेक कंपन्यांच्या पैशावर चालतं आणि त्यावरून असं वादळ उठलं नाही, पण ते काम प्रकल्पाच्या कडेला आहे आणि ते पैसे प्रकल्पाच्या तिजोरीतून जात नाहीत.

१२. डीपीकेजी आणि ॲप्ट यांतलं आधीचं कोणतं?

डीपीकेजी. मर्डॉक यांनी ते शेल स्क्रिप्ट म्हणून सुरू केलं, मग पर्लमध्ये आलं आणि १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी मुख्य भाग सी भाषेत नव्याने लिहिला. ते समोर ठेवलेलं पॅकेज बसवतं किंवा काढतं, पण त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस कुठून आणायची हे त्याला ठाऊक नसतं. ते काम ॲप्टचं. मार्च १९९९ च्या स्लिंक आवृत्तीपासून ते सोबत येऊ लागलं. एका आज्ञेत सगळं नेटवरून खाली उतरवून जुळवून देणं तेव्हा नवलाचं होतं, आणि बरेच लोक केवळ यासाठी डेबियनकडे वळले.

१३. २००८ मध्ये डेबियनच्या सगळ्या चाव्या फुकट गेल्या होत्या म्हणतात, ते काय प्रकरण?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ओपनएसएसएल ही लायब्ररी एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय) आणि वेबसाइटच्या सांकेतिक चाव्या तयार करायला लागते. चावी अंदाजाने शोधता येऊ नये म्हणून ती यादृच्छिक आकड्यांवर बेतलेली असते. डेबियनच्या पॅकेजमध्ये मेमरी तपासणारी व्हॅलग्राइंड आणि प्युरिफायसारखी साधनं दोन ओळींवर बोट ठेवत होती: इथे अजून न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ प्रकल्पाकडे विचारणा केली, विरोध आला नाही, आणि २००६ च्या सप्टेंबरमध्ये दोन्ही ओळी बंद केल्या गेल्या.

त्यातली एक ओळ खरोखर बिनमहत्त्वाची होती. दुसरी मात्र सगळी यादृच्छिकता आत घालणारीच होती. ती गेल्यावर चावी ठरवायला उरला फक्त चालू प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या, या पॅकेजने बनवलेल्या सगळ्या चाव्या साध्या यादीत मावतील इतक्या. सुमारे वीस महिने हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. डेबियनचेच डेव्हलपर लुसियानो बेलो यांना ते सापडलं आणि १३ मे २००८ रोजी जाहीर केलं गेलं. नुसतं अपडेट करून भागणार नव्हतं. त्या काळात बनवलेल्या चाव्या जगभर बदलाव्या लागल्या, उबुंटूवरच्यासुद्धा. कमजोर चाव्यांची काळी यादीच पॅकेज म्हणून वाटली गेली.

'मेंटेनरने हात लावायलाच नको होता' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो अर्धवट वाटतो. त्याने विचारलं होतं. ज्यांना उत्तर ठाऊक होतं त्यांनी नीट पाहिलं नाही.

१४. डेबियनचे सर्व्हर कधी हॅक झाले आहेत का?

हो, नोव्हेंबर २००३ मध्ये. एका डेव्हलपरचा पासवर्ड चोरीला गेला, हल्लेखोर साध्या खात्याने 'क्लेकर' या सर्व्हरवर शिरला आणि कर्नलमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन रूट झाला, म्हणजे त्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळाला. मग आणखी सर्व्हर गेले. एकाच वेळी अनेक यंत्रांचं कर्नल कोलमडायला लागलं म्हणून संशय आला. पॅकेजच्या साठ्याला धक्का लागला नव्हता. डेबियनने काय घडलं ते तपशीलवार जाहीर केलं. कर्नलमधली ती चूक आधीच दुरुस्त झालेली होती, पण ती सुरक्षेची आहे हे कोणी ओळखलं नव्हतं.

१५. आणि एक्सझेडचं प्रकरण? त्यात डेबियन बळी होतं की कारण?

दोन्ही थोडं थोडं. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे डेव्हलपर डेबियन सिडवर मोजमापं घेत होते. एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. मागोवा घेतला तर एक्सझेड या दाबून साठवण्याच्या साधनात मागचं दार बसवलेलं निघालं. दोनेक वर्षं विश्वास कमावून सह-मेंटेनर झालेल्या एका टोपणनावाच्या खात्याने ते घातलं होतं.

एसएसएच मुळात एक्सझेडला विचारतही नाही. पण डेबियन आणि आणखी काही डिस्ट्रो एसएसएचला सिस्टमडीची (सेवा सुरू करणारी प्रणाली, प्र. १६) लायब्ररी जोडत होते आणि तिच्यामागून एक्सझेड आत येत होतं. म्हणून 'कारण' हा आरोप. स्टेबलपर्यंत मात्र ते पोचलं नाही, सिड आणि टेस्टिंगवरच थांबलं. दुरुस्तीच्या पॅकेजला क्रमांक दिला गेला '५.६.१+रियली५.४.५'. आकडा मागे नेता येत नाही ना, म्हणून वर नवा आणि आत जुना.

१६. सिस्टमडीवरून डेबियन फुटलं होतं का?

फुटलं असं म्हणणं जास्त होईल, पण माणसं गेली. संगणक सुरू होताना सगळ्या सेवा कोण उठवणार हा प्रश्न होता. जुनी पद्धत, उबुंटूचं अपस्टार्ट की सिस्टमडी? तांत्रिक समितीत आठ जण. फेब्रुवारी २०१४ मध्ये मतं पडली चार विरुद्ध चार. अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी आपलं निर्णायक मत सिस्टमडीला दिलं.

तिथे वाद संपला नाही. इयन जॅक्सन यांनी ठराव आणला की कोणतंही पॅकेज एकाच प्रणालीवर अडून राहू नये. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदान झालं आणि जिंकला तो पर्याय म्हणजे 'या विषयावर ठरावाची गरज नाही'. जॅक्सन समितीतून बाहेर पडले. इन्स्टॉलर आणि पॅकेजिंगची मूलभूत साधनं लिहिणारे जोई हेस तर प्रकल्पच सोडून गेले. सिस्टमडी नको असलेल्यांनी 'डेव्हुआन' नावाने वेगळी चूल मांडली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं. सिस्टमडी मुख्य, पण पर्यायांवर काम करणाऱ्यांना वाव, असं ठरलं.

१७. मतदानात कोणी कोणाला मत दिलं हे जाहीर का होत नाही?

पूर्वी ठरावांची मतं नावानिशी जाहीर होत. गुप्त असे ती फक्त नेत्याच्या निवडणुकीत. २०२१ मध्ये, आधी वादामुळे पायउतार झालेले स्टॉलमन (प्र. ७) फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मंडळावर परतले आणि डेबियनने त्यावर निवेदन काढावं का यावर मतदान झालं. बाहेर इतकं तापलं होतं की नावानिशी मत दिलं तर त्रास होईल अशी अनेकांना भीती वाटली. निकाल लागला 'डेबियन यावर काहीही निवेदन काढणार नाही'. पुढच्या वर्षी ठरावांची मतंही गुप्त करण्याचा ठराव मंजूर झाला.

१८. फायरफॉक्सला डेबियनमध्ये 'आइसवीझल' का म्हणत?

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं होतं की नाव वापरायचं तर बोधचिन्हही वापरा आणि तुमचे बदल आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. ते बोधचिन्ह डेबियनच्या निकषांत (प्र. ८) मुक्त नव्हतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत बसवायच्या तर दर वेळी परवानगी कोण मागणार? म्हणून २००६ मध्ये नाव बदललं. दहा वर्षांनी दोन्ही बाजू निवळल्या आणि २०१६ मध्ये फायरफॉक्स परत आलं.

१९. उबुंटूने डेबियनचं नुकसान केलं का?

मार्क शटलवर्थ नव्वदच्या दशकात स्वतः डेबियनमध्ये अपाचे या वेब सर्व्हरचं पॅकेज सांभाळत. २००४ मध्ये त्यांनी डेबियनच्याच काही डेव्हलपरांना नोकरीवर घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूची पहिली आवृत्ती काढली, अगदी सार्ज रखडलेली असताना. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, एकच सीडी, तीही मागाल तर घरपोच फुकट. साहजिकच डेस्कटॉपवरचे बरेच लोक तिकडे गेले. डेबियनमध्ये तेव्हा कुरबुर होती की दुरुस्त्या परत येत नाहीत. माझ्या मते फायदा जास्त झाला. ईर्ष्येने का होईना, डेबियनला वेळापत्रकाचं भान आलं.

२०. पूर्वी वाय-फाय चालायचं नाही, आता लगेच चालतं. काय बदललं?

वाय-फायच्या बहुतेक चिप्सना बंदिस्त फर्मवेअर लागतं, आणि ते मुक्त नसल्यामुळे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. 'अनधिकृत' प्रत वेगळी मिळायची, पण नवख्याला ती सापडणार कशी? नेट लावायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर आणायला नेट. २०२२ मध्ये मतदान झालं आणि एकच इन्स्टॉलर, फर्मवेअरसकट, असं ठरलं. त्यासाठी सोशल कॉन्ट्रॅक्टच्या शब्दांत बदल करावा लागला आणि अशा बदलाला तिप्पट बहुमत लागतं. ते मिळालं. जून २०२३ च्या बुकवर्मपासून तो लागू आहे. फर्मवेअर नको असेल तर सुरुवातीलाच ते बंद करता येतं.

२१. मराठीत डेबियन मिळतं का? भारताशी काही संबंध?

इन्स्टॉलर २००९ च्या लेनीपासून मराठीत आहे. एक अडचण लक्षात ठेवा: भाषांच्या यादीत मराठी फक्त ग्राफिकल इन्स्टॉलर निवडला तरच दिसते. मजकुराच्या साध्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं उमटत नाहीत, म्हणून तिथे ती ठेवलेलीच नाही. 'मराठी काढून टाकली का?' असा प्रश्न येतो तो बहुतेक यामुळेच. अक्षरांसाठी लोहित देवनागरी हा फॉन्ट पॅकेजमध्ये आहे.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने केलेलं बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेलं आहे. ते काम चेन्नईच्या केंद्राचं. डेबियनची वार्षिक परिषद डेबकॉन्फ २००० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतात, कोचीला, भरली.

२२. डेबियन लिनक्सशिवाय चालतं का?

चालतं, निदान चाललं आहे. २०११ च्या स्क्वीझ आणि २०१३ च्या व्हीझी या आवृत्त्यांसोबत फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या कर्नलवरचं डेबियनही प्रायोगिक म्हणून निघालं होतं; पुढच्या आवृत्तीत ते गळलं. ग्नू या स्टॉलमन यांच्या प्रकल्पाच्या हर्ड कर्नलवरचं कामही वर्षानुवर्षं चालू आहे, पण स्टेबलमध्ये ते कधी अधिकृतपणे आलेलं नाही.

२३. माझा जुना ३२-बिट लॅपटॉप आहे. त्यावर ट्रिक्सी बसेल का?

नव्याने बसवता येणार नाही. डेबियनची सुरुवातच ज्या ३८६ वंशाच्या प्रोसेसरवर झाली त्याचं स्वतंत्र कर्नल आणि इन्स्टॉलर ट्रिक्सीपासून बंद झालं. ते पॅकेजेस आता ६४-बिट यंत्रावर जुने ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरते ठेवले आहेत. त्याच आवृत्तीत रिस्क-व्ही हा नवा प्रोसेसर अधिकृत यादीत आला. लॅपटॉपवर बुकवर्म असेल तर ते तसंच राहू द्या, ट्रिक्सीकडे अपग्रेड करू नका. एलटीएस धरून (प्र. १०) त्याला २०२८ च्या जूनपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याचं नियोजन आहे. आणि आधी प्रोसेसर खरंच ३२-बिट आहे का ते तपासा. 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की ऑप-मोडच्या ओळीत ६४-बिट लिहून येतं का ते पाहा. बऱ्याचदा यंत्र ६४-बिटचं असतं आणि त्यावर कोणीतरी कधीकाळी ३२-बिट प्रत टाकलेली असते. मग डेटा बाजूला काढा आणि ६४-बिट ट्रिक्सी नव्याने बसवा.